‘अजून ६५० तास बाकी आहेत’ : जुनं दोन इंजिनांचं विमान घेण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघे भागीदार मिळून १९७९ चं पायपर सेनेका-टू घेताय. विमान जुहूला उभं आहे. डोक्यावर छप्पर आहे, पण बाजू उघड्या. दोन्ही इंजिनांचे ओव्हरहॉलनंतर (पूर्ण खोलून नव्याने बांधल्यावर) ११५० तास झालेत आणि त्या ओव्हरहॉलला सोळा वर्षं उलटलीत. गेल्या तीन वर्षांत विमान जेमतेम ४० तास उडालंय. उजव्या इंजिनाच्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन ५२/८० आलंय, म्हणजे ८० च्या दाबाने हवा सोडली तर आत ५२ च टिकते. विकणारा म्हणतो, टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधली मुदत) १८०० तासांचा, म्हणजे ६५० तास शिल्लक. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: त्या ६५० तासांचे पैसे मोजावेत का, तो सिलिंडर बदलून घ्यावा का, आणि एक इंजिन गेलं तर दुसरं खरंच घरी आणतं का.

माझ्या मते यातला ५२/८० हा सगळ्यात लहान मुद्दा आहे. तीन वर्षांत ४० तास, आणि तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हा सगळ्यात मोठा. तिथूनच सुरुवात करतो.

आधी इंजिनाची डेटा प्लेट स्वतः वाचा. सेनेका-टूवर डावीकडे टीएसआयओ-३६० आणि उजवीकडे उलट फिरणारं एलटीएसआयओ-३६० असतं. पुढचं अक्षर नुसतं ‘ई’ असेल तर कॉन्टिनेन्टलचा टीबीओ १४०० तास आहे, ‘ईबी’ असेल तर १८००. म्हणजे एका अक्षराने तुमचे ६५० तास २५० होतात. शिवाय त्याच पत्रकात तासांसोबत १२ वर्षं हा दुसरा आकडा दिलेला आहे. दोन्हींपैकी जो आधी येईल तो धरायचा. तुमची इंजिनं त्या हिशेबाने चार वर्षांपूर्वीच मुदतीबाहेर गेली. वर्षांची मर्यादा कागदोपत्री तुम्हाला किती बांधील आहे हे विमान कोणत्या कॅटेगरीत नोंदलंय आणि त्याचा मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅम काय म्हणतो यावर ठरतं. त्याचं उत्तर विकणाऱ्याकडून घेऊ नका. ज्या कॅमोकडे (विमानाची देखभाल आणि कागद सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था) विमान ठेवणार आहात, त्यांच्याकडून व्यवहाराआधी लेखी घ्या.

कागद बाजूला ठेवला तरी वर्षांचा मुद्दा उरतोच, कारण तो धातूचा आहे. एक लिटर एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातला थोडा भाग रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये उतरतो आणि जळणातल्या आम्लांसकट तेलात मिसळतो. इंजिन नीट तापून तासभर उडालं की हे पाणी ब्रीदरमधून (क्रँककेसच्या श्वासनळीतून) निघून जातं. न उडता उभं राहिलं की ते आतच थंड होतं. बाहेरून मुंबईची पावसाळी हवा एक्झॉस्टमधून उघड्या व्हॉल्व्हवाटे आत येते ती वेगळीच. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पापुद्रा काही दिवसांत ओघळतो आणि उघड्या पोलादाला गंज धरतो. पुढच्या स्टार्टला रिंगा तो गंज खरवडतात. खड्डे राहतात, खरवडलेली पूड तेलात जाते, आणि ती पुढे सगळीकडे पॉलिश पेपरसारखं काम करते.

इथे इंजिनाची बनावट महत्त्वाची आहे. लायकमिंग या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. उभ्या विमानात तो सगळ्यात आधी कोरडा पडतो, म्हणून अॅझटेक किंवा आयलँडर ही लायकमिंगवाली विमानं घेणाऱ्याला मी कॅम आणि टॅपेटबद्दल आधी विचारायला सांगतो. कॉन्टिनेन्टलमध्ये कॅम खाली असतो, त्याला तेल मिळत राहतं. तुमच्या सेनेकात चिंता सिलिंडरच्या भिंतींची, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडे राहिलेल्या सिलिंडरांची जास्त. ही तपासणी स्वस्त आहे. बाराही सिलिंडरांचे वरचे प्लग काढून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घाला आणि प्रत्येकाचे फोटो ठेवा. भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यातल्या घासकामाच्या) तिरप्या रेघा दिसल्या, थोडी तपकिरी झाक असली तर चालेल. ठिपक्याठिपक्यांचे खड्डे दिसले, विशेषतः रिंगा जिथवर फिरतात त्या पट्ट्यात, तर तो सिलिंडर तासांच्या हिशेबात धरूच नका.

आता ५२/८०. अनेक हँगरमध्ये ‘साठच्या खाली गेला की सिलिंडर उतरवा’ असा नियम तोंडपाठ असतो. कॉन्टिनेन्टलसाठी तो नियम नाही. त्यांच्या पद्धतीत टेस्टरला आधी मास्टर ओरिफिस (ठरावीक मापाचं गळतीचं भोक) जोडून त्या दिवसाची, त्या टेस्टरची खालची मर्यादा काढतात. ती बहुतेक वेळा चाळिशीत येते. म्हणून पहिला प्रश्न हा की ५२ लिहिणाऱ्याने त्या दिवशी मर्यादा किती नोंदवली. नोंदच नसेल तर चाचणी अर्धवट आहे. दुसरा प्रश्न, हवा कुठून जाते? ऑइल फिलरला कान लावल्यावर फुसफुस आली तर रिंगा. एक्झॉस्ट पाइपमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इंडक्शनकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रिंगांमधून थोडी गळती आणि बाकी सगळं ठीक, यावर इंजिन शेकडो तास चालतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून गळती असेल तर मात्र बोअरस्कोप लगेच व्हॉल्व्हवर न्या. तोंडावरचे जळणाचे डाग मधोमध आणि गोलाकार असतील तर व्हॉल्व्ह नीट फिरतोय, सीटवर नीट बसतोय. डाग एका बाजूला सरकलेले असतील, कडेला चंद्रकोरीसारखा वेगळ्या रंगाचा, बहुतेकदा हिरवट पट्टा दिसत असेल, तर ती कड जास्त तापतेय. असा व्हॉल्व्ह आकडा ७० दाखवत असला तरी उतरवायचा.

एवढे दिवस उभ्या असलेल्या इंजिनाचा आकडा एका चाचणीवर धरू नका. विमान उडण्याजोगं आहे असं तुमच्या एएमईने (परवानाधारक देखभाल अभियंत्याने) सही करून दिलं तर पाऊण-एक तास क्रूझ पॉवरवर उडवून, गरम असतानाच पुन्हा मोजा. ५२ चे ६४ होणं अजिबात नवलाचं नाही. आणि गरज नसताना सिलिंडर उतरवायला मी का कचरतो, तेही सांगतो. कॉन्टिनेन्टलचे काही थ्रू-बोल्ट सिलिंडर आणि क्रँककेस दोन्ही धरून ठेवतात. ते सोडले की मेन बेअरिंगवरची पकड सैल होते. जोडताना दोन्ही बाजूंनी, ठरलेल्या क्रमाने, स्वच्छ आणि तेल लावलेल्या आट्यांवर टॉर्क दिला नाही तर बेअरिंग सरकू शकतं. मग एका सिलिंडरच्या दुरुस्तीत अख्खं इंजिन जातं.

तेलाबद्दल. फिल्टर कापून, कागद पसरून, चुंबक फिरवून बघा. मागच्या दोन-तीन तेल बदलांचे लॅब रिपोर्ट असतील तर मागा. रिपोर्टमधला एकटा आकडा फारसं बोलत नाही, त्याची चाल बोलते. लोह वाढत असेल आणि विमान उभं असेल तर गंज. क्रोम किंवा निकेल हे सिलिंडर कोणत्या जातीचे आहेत त्यावर वाचायचं. सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरच्या कडेने धूळ आत येते, किंवा कोणीतरी नुकतंच सीलंट वापरलंय. तुम्ही विमान घेतल्यावर तेल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. आणि मुंबईत बहुतेक मालकांसाठी चार महिनेच आधी येतात.

जुन्या टर्बो विमानात मला सगळ्यात जास्त भीती एक्झॉस्टची वाटते, आणि विकत घेणारे नेमकं तिथेच सगळ्यात कमी बघतात. टर्बोतून बाहेर पडणारा वायू हजार-दीड हजार फॅरनहाइटचा असतो. तो पाइपला धरून ठेवणारा व्ही-बँड क्लॅम्प तुटला तर हा झोत थेट फायरवॉल आणि इंधनाच्या होजवर जातो. असे अपघात झाल्यानंतर अमेरिकेच्या एफएएने २०२३ मध्ये स्पॉट-वेल्ड केलेल्या, अनेक तुकड्यांच्या क्लॅम्पवर ५०० तासांची आयुमर्यादा घातली. तुमच्या विमानावर कोणता क्लॅम्प आहे, त्याचा पार्ट नंबर काय, तो कधी बसवला आणि त्याचे तास कोणी मोजतंय का, हे लॉगबुकमध्ये सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर नवे क्लॅम्प हा किमतीतला एक आकडा समजा. स्पॉट-वेल्डजवळ आरसा धरून तडे बघा, स्लिप जॉइंट हाताने हलतात का बघा, आणि पाइपजवळ राखाडी-पांढरी पूड बसलेली दिसली तर तिथून वायू गळतोय असं समजा. हीच पूड नॅसेलच्या (इंजिनाच्या कवचाच्या) मागे, फ्लॅपवर साचली की तिथल्या अॅल्युमिनियमला पोखरते. म्हणून तिथला रंग खरवडून बघायला लाजू नका.

प्रोपेलर. दोन इंजिनांच्या विमानात प्रोपेलरचं पहिलं काम ओढणं आणि दुसरं, तितकंच मोठं काम, वेळ आली की फेदर होणं, म्हणजे बंद इंजिनाची पाती वाऱ्याला धार करून वळणं, म्हणजे ती विमानाला अडवत नाहीत. सेनेकावर तेलाचा दाब पात्यांना बारीक पिचकडे (कमी कोनाकडे) ढकलतो. नायट्रोजनचा दाब आणि काउंटरवेट त्यांना फेदरकडे नेतात. हबमधला नायट्रोजन गळून कमी झाला असेल तर जमिनीवर सगळं ठीक वाटतं आणि हवेत फेदर व्हायला उशीर लागतो. दाब त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे तक्त्यातून काढून भरायचा असतो. जानेवारीच्या पहाटेचा दाब मेच्या दुपारी चालत नाही. भरताना कोरडा नायट्रोजनच वापरा. साध्या कॉम्प्रेसरची हवा भरली की तिच्यातली वाफ आत गंज पेरते. हार्टझेलचे बहुतेक प्रोपेलर वर्षांच्या मर्यादेनेही बांधलेले असतात, साधारण सहा वर्षं. सोळा वर्षांपूर्वीच्या ओव्हरहॉलला प्रोपेलर सोबत झाले असतील, तर ते आता किमान दोनदा परत व्हायला हवे होते.

एअरफ्रेमचं थोडक्यात. पोटाखालचे सगळे पॅनेल उघडा, बॅटरी बॉक्सच्या खाली हात फिरवा, व्हील वेलमध्ये टॉर्च मारा. स्टॅबिलेटरच्या (शेपटीच्या आडव्या, हलणाऱ्या पंखाच्या) केबलची मागची टोकं, टर्नबकल आणि टर्मिनल, दहापट भिंगाखाली बघा. स्टेनलेस असली तरी खाऱ्या हवेत त्यांना आतून तडे जातात आणि वरून फक्त एक बारीक तपकिरी रेघ दिसते. विमान जॅकवर घेऊन गियर निदान पाच वेळा आत-बाहेर करा आणि एकदा इमर्जन्सीने खाली पाडा. सेनेकाचं नोज गियर ही जुनी दुखरी नस आहे. ड्रॅग लिंक (गियर खाली अडकवून ठेवणारी दुमडती दांडी) पूर्ण ओव्हरसेंटर, म्हणजे मधल्या रेषेपलीकडे, जातेय का, बोल्ट आणि बुशिंगमध्ये खेळ किती, हे मोजून लिहून घ्या, ‘ठीक आहे’ एवढ्यावर थांबू नका. पुढे दोघंच बसून उडालात तर नाक जड राहतं. मागच्या सामानकप्प्यात थोडं वजन ठेवलं तर लँडिंगला पुढचं चाक आपटत नाही. रबरी होजवर तारखेची पट्टी असते, ती वाचा. केबिन हीटर मुंबईत कोणी लावत नाही, पण तो जोडलेला असेपर्यंत त्याच्या चाचण्या चालू राहतात. एएमईशी बोलून रीतसर बंद करून घेतलेला बरा.

एक व्यवहाराची गोष्ट राहून जाते. उजवं इंजिन उलट फिरतं म्हणून त्याचा क्रँकशाफ्ट, कॅम, स्टार्टर, मॅग्नेटो डावीकडचे चालत नाहीत. एल असलेल्या इंजिनाचे सुटे भाग आणि एक्स्चेंज इंजिन मिळायला जास्त वेळ लागतो. तुमचा ५२ वाला सिलिंडर उजवीकडचा आहे. सिलिंडर स्वतः सहज मिळेल. पण पुढे त्या इंजिनाचं मोठं काम निघालं तर विमान महिनोन्‌महिने उभं राहील, आणि उभं राहिल्याने डावं इंजिन बिघडेल. दोन्ही इंजिनांचा ओव्हरहॉल एकाच वेळी करावा असं मी म्हणतो ते यासाठी. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) किंवा आपोआप चालणारा वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) कोणी नंतर बसवला असेल, तर त्या बदलाच्या मंजुरीचा, म्हणजे एसटीसीचा, कागद डीजीसीएने (भारताच्या विमान वाहतूक नियामकाने) मान्य केलेला आहे का हेही बघा. चांगली सुधारणा असली तरी कागदाविना ती एआरसीच्या (उड्डाणयोग्यतेच्या तपासणी-प्रमाणपत्राच्या) वेळी अडकते.

इथवरचं दोन ओळींत: ६५० तासांची किंमत शून्य धरा, म्हणजे इंजिनं ओव्हरहॉलला आलेली आहेत असं समजून भाव करा, आणि बोअरस्कोप, तेल, क्लॅम्प, प्रोपेलर, केबल यांनी तुम्हाला खोटं पाडलं तर तो तुमचा फायदा.

आता तिसरा प्रश्न: दुसरं इंजिन घरी आणतं का? उंचीवर असाल, वजन आटोक्यात असेल आणि प्रोपेलर फेदर झाला असेल, तर हो. टेकऑफनंतरच्या पहिल्या मिनिटात याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ते तुम्ही जमिनीवर ठरवायचं असतं.

पुस्तकातले आकडे बघा. ४५७० पौंड वजनावर, समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात, एका इंजिनावर चढण मिनिटाला सुमारे २२५ फूट. वेग ८९ नॉट. म्हणजे एका नॉटिकल मैलामागे दीडशे फूट. हे नव्या विमानाचं, नव्या इंजिनाचं, फेदर झालेल्या प्रोपेलरचं, गियर वर असतानाचं गणित. तुमचं विमान पंचेचाळीस वर्षांचं, रंगाचे चार थर चढलेलं. गियर खाली असेल किंवा प्रोपेलर वाऱ्यावर फिरत असेल, तर तेवढी चढण उरतच नाही. विमान खाली येतं.

मेमध्ये मुंबईत ३५ अंश असतात तेव्हा प्रमाण तापमानापेक्षा २० अंश जास्त. अंशामागे १२० फूट धरले तर जुहूलाच घनतेची उंची (हवा जितक्या उंचीइतकी विरळ वागते ती) २४०० फूट. पुण्याला लोहगावची उंची १९४२ फूट. ३८ अंशांत तीच ५२०० फुटांच्या आसपास जाते. टर्बो असल्यामुळे तुमचं इंजिन तिथेही मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) देईल. टर्बो नसलेलं बॅरन किंवा अॅझटेक विमान हजार फुटांमागे साधारण तीन टक्के पॉवर गमावतं, म्हणजे तिथे सोळा टक्क्यांपर्यंत. पण पंख आणि प्रोपेलरला टर्बो नसतो, आणि दाबलेली गरम हवा घेणाऱ्या सिलिंडरांचं तापमान पटकन चढतं. मूळ गेज एकाच सिलिंडरचं तापमान दाखवतं. म्हणून सहाही सिलिंडर दाखवणारा मॉनिटर हा मी पहिला खर्च मानतो. ४६० फॅरनहाइट ही मर्यादा आहे. रोजच्या उडण्यात ३८० च्या वर जाऊ देऊ नका. क्लाइंबमध्ये काउल फ्लॅप (इंजिन थंड करणाऱ्या हवेची दारं) उघडे, मिक्स्चर रिच, आणि तरीही तापत असेल तर नाक खाली करून वेग वाढवा.

वजन तुमच्या हातात आहे. रिकामं विमान २९०० पौंड धरलं, चौघं १७० पौंडांचे, सामान १०० पौंड, तर ३६८० होतात. ९३ गॅलन वापरण्याजोगं इंधन म्हणजे ५५८ पौंड, एकूण ४२३८. मर्यादेच्या आत आहे, पण उन्हाळ्याच्या दुपारी मी ४१०० च्या वर उठायला सांगणार नाही. मुंबई-नाशिकसारख्या छोट्या पल्ल्याला टाक्या तुडुंब भरायची गरज नाही. राखीव इंधन धरून जेवढं लागतं तेवढंच घ्या. आणि वजनाचा कागद जुना असेल तर विमान परत तोला. जुन्या विमानांत काढून न टाकलेल्या तारा आणि रेडिओ यांचं बरंच वजन कागदाबाहेर असतं.

टेकऑफ. सेनेका-टूचा वेस्टगेट स्थिर असतो, त्यामुळे दाब राखायचं काम तुमच्या हाताचं. ४० इंच ही मर्यादा. ब्रेकवर थांबून ४० लावलेत तर धावताना हवेच्या रेट्याने आणि टर्बोच्या वेगाने तो आपोआप वर जातो. म्हणून ३७-३८ वर थांबा, बाकीचं धावताना येऊ द्या, आणि थ्रॉटल सावकाश ढकला. त्याच वेळी इंधनाचा फ्लो बघा. पूर्ण पॉवरवर फ्लो तक्त्यापेक्षा कमी असेल तर सिलिंडर आतून तापून डेटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) होतं, आणि ते गेजवर दिसेपर्यंत पिस्टनचं नुकसान झालेलं असतं. वर्षातून एकदा फ्युएल इंजेक्शनचे दाब कॅलिब्रेट केलेल्या गेजने लावून घ्या. जुन्या गेजवर भरवसा नको. ऑक्झिलरी पंपाचा ‘हाय’ स्विच इंजिनाचा पंप बंद पडल्यावरच वापरायचा आहे. लायकमिंगवर शिकलेले वैमानिक सवयीने टेकऑफला तो लावतात, आणि चांगलं चालणारं इंजिन जास्त पेट्रोलने गुदमरतं.

जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आत संपते. त्या दिवशीचं तापमान, वारा आणि वजन घेऊन अॅक्सिलरेट-स्टॉप अंतर (वेग घेऊन, इंजिन गेल्यावर थांबायला लागणारं) काढा आणि धावपट्टीशी ताडून बघा. पश्चिमेला उठलात तर समोर समुद्र, पूर्वेला उठलात तर दाट वस्ती. गियर वर घ्यायच्या आधी इंजिन गेलं तर थ्रॉटल बंद आणि सरळ समोर, हा निर्णय स्टार्टच्या आधी मोठ्याने बोलून ठेवा. गियर वर आणि वेग ८९ च्या वर असेल तरच पुढे जा: तिन्ही लिव्हर पुढे, फ्लॅप वर, गियर वर, ज्या बाजूचा पाय रिकामा तिकडचं इंजिन मेलेलं, तो थ्रॉटल मागे घेऊन खात्री, मग फेदर. जिवंत इंजिनाकडे दोन-तीन अंश झुकून टर्न गेजमधला चेंडू अर्धा बाहेर ठेवा. ६६ नॉट हा व्हीएमसीए, म्हणजे एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याचा किमान वेग. त्याच्या जवळही फिरकू नका. फेदरला मर्यादा आहे: इंजिन ८०० आरपीएमच्या खाली घसरलं की हबमधले लॉक पात्यांना फेदरकडे जाऊ देत नाहीत. जॅम झालेल्या किंवा झपाट्याने मंदावणाऱ्या इंजिनात विचार करायला वेळ नसतो, तो याच कारणाने.

रन-अपला फेदर तपासताना १५०० आरपीएमवरून ५०० पेक्षा जास्त घसरण होऊ देऊ नका. वर्षातून एकदा, प्रशिक्षकासोबत, जमिनीपासून पुरेशा उंचीवर आणि विमानतळाच्या आवाक्यात असताना, खरं फेदर करून घड्याळ लावा. वेळ लॉगबुकात लिहा. पुढच्या वर्षी वेळ वाढली तर नायट्रोजन किंवा गव्हर्नर (प्रोपेलरकडे जाणारं तेल नियंत्रित करणारा भाग) बघायचा.

घाट ओलांडताना कळसूबाईच्या १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फुटांच्या आसपासच्या माथ्यांवर ढगांखालून सरपटत जाऊ नका. एक इंजिन गेल्यावर हळूहळू खाली उतरत दुसऱ्या बाजूला पोहोचायला जागा मिळेल इतकी उंची घ्या. एका इंजिनावर लागणारा क्रॉसफीड (एका बाजूच्या टाकीतून दुसऱ्या बाजूच्या इंजिनाला इंधन देणारा सिलेक्टर) जमिनीवर दर वेळी फिरवून बघा. वर्षभर न फिरलेल्या सिलेक्टरचे ओ-रिंग नेमके गरजेच्या वेळी चिकटतात.

विमान घेतलंत तर ठेवायचं कसं? दर आठवड्याला एकदा, निदान ४०-५० मिनिटं, तेल १८० फॅरनहाइटवर टिकेल असं उडवा. जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद करू नका. त्यात पाणी तयार होतं, पण बाहेर पडण्याइतकं तेल तापत नाही. पाऊस, परीक्षा, सुट्ट्या, एआरसी, कशामुळेही महिनाभर उडणार नसेल तर आधीच प्रिझर्व्ह करा: प्रिझर्व्हेटिव्ह तेलावर उडवून, वरच्या प्लगांच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर प्लग, एक्झॉस्ट, ब्रीदर आणि इंडक्शनची तोंडं बंद, त्यावर लाल पट्ट्या, कॉकपिटमध्ये पाटी. जेलचा रंग दर आठवड्याला बघायचा. जुहूला पावसाळ्यात तो झपाट्याने बदलतो. जून ते सप्टेंबर धुळे किंवा जळगावसारख्या कोरड्या ठिकाणी हँगर मिळत असेल, तर भाड्याचे पैसे सिलिंडरांत वसूल होतात. समुद्रकाठच्या उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवा, आणि वर्षातून एकदा पंखांच्या पोकळीत गंजरोधक फवारा मारून घ्या. पावसात इंधनाच्या झाकणाचे ओ-रिंग बघा. सकाळी ड्रेन केल्याशिवाय स्टार्ट नाही, आणि ड्रेन करण्याआधी पंख हाताने थोडा हलवा, म्हणजे कोपऱ्यातलं पाणी खाली येतं.

चार भागीदारांत हे आठवड्याचं उड्डाण कोण करणार, हे खरेदीच्या करारातच लिहा. ‘ज्याला वेळ मिळेल तो’ असं ठरलं की कोणीच करत नाही. माझ्या मते दर महिन्याला एका भागीदाराच्या नावावर विमान असावं. त्या महिन्यात ते उडवणं, किंवा उडणार नसेल तर चौथ्या आठवड्याआधी प्रिझर्व्ह करून घेणं, ही त्याची जबाबदारी. आणि विकणाऱ्याला आता एवढंच कळवा: बी१.२ परवाना आणि या जातीच्या विमानाचं रेटिंग असलेला, तुम्ही निवडलेला एएमई, तुमच्या खर्चाने, दोन दिवस, सगळे पॅनेल उघडून. त्याला हे मान्य नसेल तर दुसरं विमान बघा. मान्य असेल तर पहिल्या सकाळी बोअरस्कोप आणि क्लॅम्प, कारण तिथे वाईट निघालं तर उरलेल्या दीड दिवसाचे पैसे वाचतात.